ज्वालामुखी पॉइंट, वीस मिनिटं

मॉरिशसच्या 'साउथ टूर'चा दिवस सहल कंपन्या असा आखतात : नाश्ता, ज्वालामुखी, शॉपिंग, गंगा तलाव, जेवण, धबधबा, सात रंगांची माती, हॉटेल. सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी समुद्रातून उसळून वर आलेल्या या बेटाच्या ज्वालामुखीला त्यात वीस मिनिटं मिळतात. शॉपिंगला दीड तास. लाकडी जहाजांच्या प्रतिकृती घ्यायच्या असतात आणि त्या विमानात कोणाच्या मांडीवर जाणार, यावर घरगुती चर्चाही तिथेच उरकायची असते.

क्युरपीप गावातला 'त्रू ओ सेर्फ' म्हणजे सुमारे 300 मीटर रुंद आणि 80 मीटर खोल असा झाडांनी भरलेला खळगा, तळाशी गाळ आणि थोडं पाणी. मंडळी कठड्यापाशी येतात, वाकून पाहतात आणि विचारतात, "लाव्हा कुठाय?" टूर मॅनेजर सांगतो, ज्वालामुखी झोपलाय. "मग आम्हाला झोपलेला दाखवायला आणलंत?" बुलढाण्याचे एक काका जाहीर करतात, "आमचं लोणार याच्या पाचपट आहे. आणि फुकट!" लोणार उल्का आदळून झालं, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितलं तर उल्काही फुकटच आली, असं ते ऐकवतील.

खरं तर काकांचा हिशेब अगदीच वायफळ नाही. भूगर्भातल्या ज्या तप्त ठिकाणाने सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर ओतले, त्यावरून भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात लक्षद्वीप-मालदीवचा कणा, नंतर मॉरिशस असं एकेक तयार होत गेलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस एकाच बापाची लेकरं. खंडाळ्याच्या घाटात ज्या काळ्या कातळासमोरून आपण वडा खात, मान न वळवता जातो, त्याच्या धाकट्या भावाला भेटायला विमानाचं तिकीट काढून आलो आहोत. जिवंत लाव्हा हवा असेल तर शेजारच्या रियुनियन बेटावर ते दुकान अजून उघडं आहे. पण ते बेट फ्रान्सचं, त्यामुळे पॅकेज वेगळं.

गंगा तलाव हेही एक जुनं ज्वालामुखीचं मुखच, पण तिथे कोणी लाव्हा विचारत नाही, कारण काठावर 108 फुटी महादेव उभा आहे. हा 2007 सालचा, बडोद्याच्या सूरसागरातल्या महादेवावरून घडवलेला. तलावात 1972 साली गंगेचं पाणी आणून मिसळलं. "म्हणजे हे बडोद्यालाच बघता आलं असतं," असं एक काकू हळूच म्हणतात. त्यांना गप्प करून ग्रुप फोटो काढला जातो.

जेवण 'प्युअर व्हेज इंडियन'. बाहेर टपरीवर डाळीचं सारण भरलेली मऊसूत दालपुरी मिळते, उसाच्या मळ्यांत कामाला आलेल्या मजुरांनी भारतातून आणलेली. एक धाडसी जोडपं ती चाखून परत येतं. अहवाल असा : "पुरणपोळी आहे, गूळ घालायला विसरलेत." बाकीचे पनीर बटर मसाला खातात आणि त्याला मुंबईची चव नाही म्हणून हळहळतात.

शमारेलला सात रंगांची माती. बसाल्ट झिजला, पावसाने विरघळणारं सगळं धुऊन नेलं, मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. कोकणात जांभा होतो तो याच न्यायाने. कठड्याआडून रंगांची मोजणी सुरू होते. पाचावर गाडी अडते. "उरलेले दोन एक्स्ट्रा चार्जमध्ये असतील," कोणीतरी म्हणतं. मग तीच माती काचेच्या नळीत भरलेली विकत घेतली जाते, मोलभाव करून. विकत घेणाऱ्यांत रत्नागिरीचे दोघे असतात.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मात्र सहलीच्या कार्यक्रमात नसतो. 1834 पासून जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर या देशात आले. ते जिथे उतरत, त्या घाटाच्या 16 पायऱ्या 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण तिथे शॉपिंग नाही. या मजुरांत कोकणातले मराठीही होते. उसाच्या मळ्यांत आजही काळ्या दगडांचे ढीग दिसतात. शेतं मोकळी करायला ते हातांनी उचलून रचलेले. "कोणी हे दगड असे टाकून ठेवलेत, साफ तरी करायचे," बसच्या खिडकीतून शेरा येतो.

शमारेलला त्या मातीच्या नळ्या विकणारी बाई आमचं बोलणं ऐकून शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणते, "मी पण मराठी. आमचे लोक रत्नागिरीकडून आले." गणपतीला इथे सरकारी सुट्टी असते, हेही ती अभिमानाने सांगते.

"अय्या, वाटत नाही हो!" काकू म्हणतात. आणि लगेच, "मग आपल्या माणसाला काही कमी कराल की नाही?"

बाई हसते. "करते की. तुमच्या टूर मॅनेजरला त्याचं कमिशन सोडायला सांगा."

त्याच क्षणी शिट्टी वाजते आणि सगळ्यांना एकदम उशीर झालेला असतो.