लॅचचं दार

फ्लॅटच्या लॅचच्या दाराचा एक स्वभाव असतो. आपण आत असेपर्यंत ते आपलं. दुधाची पिशवी घ्यायला पाऊलभर बाहेर पडावं, तर मागे हलकेच ‘खट्’ होतं. किल्ली आत, गॅसवरचा चहा आत आणि आपण बनियनवर जिन्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर सांभाळताना तो ‘खट्’ मला एकदा, आवाज न होताच, ऐकू आला.

पोस्टग्रेसच्या घरात कुणाला घ्यायचं हे ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ नावाची साधी मजकुराची फाइल ठरवते. ओळी वरून खाली वाचायच्या. पहिली जुळेल तिचाच शब्द अखेरचा, एकही जुळली नाही तर आल्या पावली परत. वाड्याच्या ओसरीवर बसलेले आजोबाच जणू. पोस्टग्रेस सांभाळायच्या पीजीॲडमिन ३ या प्रोग्रॅममध्ये ही फाइल सुबक तक्त्यात उघडायची, रुखवत मांडल्यासारखी. मी एक नियम वाढवला आणि एका अडगळीच्या वाटणाऱ्या ओळीची खूण काढली. सेव्ह, रीलोड. काहीच बिघडलं नाही. रीलोड झालं तरी आत असलेल्यांना कुणी उठवत नाही. पंगतीत बसलेल्याला वाढणं चालूच राहतं. म्हणून मी निर्धास्तपणे खिडकी बंद केली आणि डबा खायला गेलो.

परत आलो तर दारातूनच नकार. ज्या ओळीच्या ओळखीवर मी रोज आत यायचो, तीच मी अडगळीत काढली होती. ती दुरुस्त करायची खिडकीही सर्व्हरमधूनच उघडायची. म्हणजे दार नीट करणारा सुतार त्याच दारातून आत यायचा होता!

लहानपणी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या किल्ल्या शेजारच्या काकूंच्या खिळ्यावर टांगलेल्या असत. त्या किल्ली देत, पण आधी वेंधळेपणावर चार शब्द ऐकवत. सर्व्हरच्या शेजारच्या काकू म्हणजे एसएसएच, डेटाबेसच्या दाराला न विचारता थेट यंत्रात शिरायची वाट. काळ्या पडद्यावर व्हीआय या एडिटरमध्ये मी ती फाइल पहिल्यांदा सबंध वाचली. माझी ओळ गेली नव्हतीच. पुढे हॅश लावून गप्प बसवलेल्या मुलासारखी तिथेच होती. तिच्या डोक्यावर, तक्त्यात कधीच न दिसलेली, कुणा आधीच्या माणसाची टीप होती. लिपी रोमन, भाषा मराठी: ‘ही ओळ काढू नका. आपण इथूनच येतो.’

त्या ‘आपण’मध्ये त्यानं मला न पाहताच धरलं होतं.

आता ती खिडकी उरली नाही. २०१६ मध्ये आलेल्या पीजीॲडमिन ४ नं तो तक्ता घेतला नाही, आणि दूरवरून फाइल बदलायला लागणारं ‘ॲडमिनपॅक’ २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मधून निघालं. पण त्या दुपारी मी हॅश काढला, आणि जुन्या टिपेखाली नवा हॅश देऊन एक ओळ लिहिली: ‘काढून पाहिली. नका काढू.’