विमानं हवेत आहेत म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या, मोठ्याने बोलण्यासारखं नाही. आमची भाची, ती सीएची आर्टिकलशिप करते ना, काल जेवायला आली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मावशी, हिशेबात खोटं करायचं की नाही, ते माणूस घरूनच शिकून येतो." आणि तिने त्या वर्ल्डकॉमचं काढलं.

तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा... अमेरिकेतली ती टेलिफोन कंपनी, 2002 साली बुडाली. सगळे बड्या साहेबांचंच बोलतात, मला मेलं त्यांचं काही नाही. मला नवल त्या दोन बायकांचं. बेटी व्हिन्सन आणि सिंथिया कूपर. दोघी मिसिसिपीतल्या, दोघी हिशेबाच्या कामातल्या, आणि दोघींच्या घराची मदार त्यांच्याच पगारावर! सिंथियाचा नवरा तर घरी राहून मुली सांभाळायचा. आपल्या आळीत असं असतं तर... जाऊ दे.

तर काय सांगत होते, ऑक्टोबर 2000 मध्ये बेटीला वरून फर्मान आलं, राखीव तरतुदींतले 82 कोटी 80 लाख डॉलर काढून खर्च तेवढा कमी दाखव. बाई हादरली. पण एकदाच काय ते, म्हणून केली नोंद. मग मन खायला लागलं, नोकरी सोडते म्हणाली. तर तो सीएफओ सलिव्हन काय म्हणाला असेल? विमानं हवेत आहेत, ती उतरू द्या, मग खुशाल जा! कसली उतरतायत... पुढे चालू खर्चच मालमत्ता म्हणून मांडायला लावला. म्हणजे आपण महिन्याचं वाणसामान दागिन्यांत धरायचं, कळलं ना?

सिंथिया इंटर्नल ऑडिटची प्रमुख. आईने तिला बजावलेलं, कुणाच्या धाकाला दबायचं नाही. आणि गंमत ऐका, तिच्या टीममधला ग्लिन स्मिथ, त्याच्याच आईने हिला शाळेत अकाउंट शिकवलेलं! गावच लहान हो. सगळं झोपलं की ही मंडळी कॉम्प्युटरवर नोंदी हुडकायची. सलिव्हन म्हणाला, ऑडिट पुढे ढकल. ही ऐकते कसली! जून 2002 मध्ये थेट बेटीच्या खोलीत. या नोंदींना आधार काय, दाखव. बेटी म्हणाली, नोंदी मीच केल्या, आधार काही नाही. तिचा चेहरा... मी नव्हते हो तिथे, पण डोळ्यांपुढे येतो.

भाची म्हणते, बघ, आईची शिकवण! म्हटलं थांब गं. बेटीला काय कुणी चोरी शिकवली होती? सांगाल ते काम मुकाट्याने करणारी म्हणून तर तिचं नाव होतं. तोही संस्कारच, आपण मुलींना दुसरं काय शिकवतो? शिवाय सिंथियाला ऑडिट कमिटीकडे जायची वाट होती, बेटीच्या डोक्यावर नुसते साहेब. हे काही भाचीच्या गळी उतरेना. भाकरी तेवढी दुसरी घेतली.

बेटीला 2005 मध्ये 5 महिन्यांची कैद झाली. राजीनाम्याचं पत्र लिहिलं होतं हो तिने, 2000 सालीच. दिलंच नाही.