आधी बॅच घ्या, मग वाचा

लातूर-नांदेड पट्ट्यात कुठलीही गोष्ट नुसती सुरू करायची पद्धत नाही. तिचं आधी फाउंडेशन करावं लागतं. नीट बारावीनंतर असते, म्हणून अकरावीपासून बॅच. अकरावी जड जाऊ नये म्हणून आठवीपासून फाउंडेशन. आणि चांगल्या फाउंडेशनला जागा मिळावी म्हणून सातवीची उन्हाळी सुट्टी. या हिशेबाने आमच्याकडे मूल जन्मालाच थोडं उशिरा येतं.

त्यामुळे जपानी व्हिज्युअल नॉव्हेल नावाची वस्तू लातूरच्या ट्युशन एरियातल्या एका हॉस्टेलात शिरली, तेव्हा ती कोणी वाचायला घेतली नाही. सुरुवात कुठून करायची, यावर आधी बैठक बसली.

वस्तू तशी निरुपद्रवी. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, मागे संगीत. बटण दाबत वाचत जायचं. मध्येच गोष्ट थांबते आणि विचारते: आता तिच्यामागे जायचं की घरी? तुम्ही जे निवडाल तशी पुढची कथा वळते. समोर पर्याय, निवडायचा एक आणि घड्याळात रात्रीचे दोन, हे दृश्य दारातून पाहणाऱ्या कुठल्याही बापाला टेस्ट सिरीजच वाटणार. 'काय करायलास रे?' या प्रश्नाला 'पप्पा, एमसीक्यू' हे उत्तर तिथे शब्दशः खरं असतं.

बैठकीपुढचा विषय होता 'फेट' मालिका. किनोको नासू लेखक, ताकाशी ताकेउची चित्रकार, त्यांची संस्था टाइप-मून. मूळ 'फेट/स्टे नाइट' जानेवारी 2004 मधलं. एवढ्यावर थांबले असते तर मराठवाड्यातली कितीतरी भांडणं वाचली असती. पण पुढे दहा वर्षं आधीची हकिगत सांगणारी 'फेट/झीरो' ही कादंबरी आली, ती गेन उरोबुचीने लिहिली. मग तिची अ‍ॅनिमे मालिका, मूळ कथेच्या वेगवेगळ्या फाट्यांच्या मालिका, तीन भागांचा सिनेमा आणि 2015 पासून मोबाइलवरचा 'ग्रँड ऑर्डर'. म्हणजे सिलॅबस तयार. आता फक्त सर हवे होते.

सर लगेच मिळाले. पहिला पक्ष म्हणाला, आकड्यांत शून्य आधी येतं, म्हणून 'झीरो' आधी. दुसरा पक्ष नांदेडच्या बाबानगरातून फोनवर होता. त्याचं म्हणणं, ज्या क्रमाने बाजारात आलं त्याच क्रमाने घ्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्याशिवाय पाया पक्का होत नाही. तिसऱ्याने मूळ काही न वाचता थेट मोबाइलवरचा गेम उघडायला सांगितलं. त्याला क्रॅश कोर्सवाला म्हणून खाली बसवण्यात आलं. झीरोवाल्यांना कुणीतरी विचारलं, की मूळ कथेत जी गुपितं शेवटाकडे उघडतात ती झीरोत आधीच सांगून टाकलेली आहेत, त्याचं काय? 2024 च्या नीट पेपरफुटीत तपासाचे धागे लातूरपर्यंत आले होते. त्यामुळे या मुद्द्यावर लातूरकर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'विषय बदला.'

गंमत अशी, की जिच्या क्रमावरून हे रण पेटलं, त्या मूळ कथेने आपला क्रम स्वतःच कुलूप लावून ठरवलेला आहे. तिच्यात तीन फाटे आहेत. पहिला पुरा केल्याशिवाय दुसरा उघडत नाही, दुसरा झाल्याशिवाय तिसरा नाही. उघडायचं आणि बटण दाबायचं, बाकी सगळं लेखकाने पाहून ठेवलंय. हे बैठकीत कुणालाच माहीत नव्हतं. कारण ते कळायला सुरुवात करावी लागते.

सगळ्याच मालिका अशा अडचणीच्या नसतात. र्‍यूकिशी07 या लेखकाची 'हिगुराशी' 2002 ते 2006 मध्ये आठ भागांत आली. आधी चार भाग प्रश्नांचे, मग चार उत्तरांचे. प्रश्नसंच आणि मागे उत्तरसूची, याहून लातूरला मानवणारं साहित्य जगात दुसरं नसेल. पण एक ते आठ सरळ वाचत जा, असं सांगायला कुणी फी देत नाही. म्हणून तिच्यावर बैठकच झाली नाही.

सुरुवातीचा वाद आपल्याला नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वातच सांगून ठेवलंय, की काही जण भारत मनूपासून सुरू करतात, काही आस्तिकापासून, काही उपरिचर राजापासून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, बाराशेवर हस्तलिखितं ताडून पाहिली आणि 1966 मध्ये ते पुरं केलं. तिन्ही सुरुवातींचा तो उल्लेख तिथे आजही तसाच आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातल्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर जे लिहिलं ते 'व्यासांचे शिल्प' या पुस्तकात आहे. हे सगळे आधी वाचून मग वाद घालणारे लोक होते. ती पद्धत वेळखाऊ ठरल्यामुळे मधल्या काळात बंद पडली. आता वाद आधी होतो, आणि वाचन पुढच्या शैक्षणिक वर्षात.

यात मुलांना दोष देऊ नये. चौदाव्या वर्षी गट चुकला, क्लास चुकला, तर आयुष्य चुकलं, हे ज्याला रोज जेवणाच्या ताटाबरोबर वाढलं जातं, तो गोष्ट उघडतानाही आधी कटऑफ विचारणारच. त्याला हे कोण सांगणार, की 'फेट/स्टे नाइट'मध्ये चाळीसेक वाईट शेवट मुद्दाम लिहून ठेवलेले आहेत! चुकीचं बटण दाबलं की नायक मरतो. मग 'टायगर डोजो' नावाची जागा उघडते. तिथे नायकाच्या शाळेतल्या बाई हातात बांबूची तलवार घेऊन उभ्या असतात. तू कुठे घसरलास ते सांगतात, चेष्टा करतात आणि परत पाठवतात. फी नाही, बापाला फोन नाही, फ्लेक्सवर दुसऱ्याचा फोटो नाही. जे डाउट सेशन लातुरात कुणाला सुचलं नाही, ते जपान्यांनी एका गोष्टीत फुकट घालून दिलं. तिथे चाळीस वेळा मेलेला मुलगा अनुभवी वाचक समजला जातो. इथे एकदा राहिलेला रिपीटर.

'फेट/स्टे नाइट'ची इंग्रजीतली अधिकृत आवृत्ती ऑगस्ट 2024 मध्ये आली. तोवर चाहत्यांनी केलेल्या भाषांतरावर भागत होतं. म्हणजे 'उपलब्धच नाही' ही सबबही संपली. आता उरलाय फक्त मार्गदर्शनाचा अभाव, आणि तो भरून काढायला दोन्ही शहरं समर्थ आहेत. लवकरच एखाद्या चौकात बोर्ड दिसेल: 'झीरो बॅच, रिलीज बॅच, मर्यादित जागा, मेसची सोय'.

आणि ज्यांना वाटतं की हा पोरांचा खुळचटपणा आहे, त्या मोठ्यांसाठी सरकारने एक व्हिज्युअल नॉव्हेल कधीच चालू करून ठेवलेली आहे. नवं महसूल आयुक्तालय कुठे हवं? एक, नांदेड. दोन, लातूर. डिसेंबर 2008 पर्यंत मुख्यमंत्री लातूरचे होते, त्यानंतर नांदेडचे, म्हणजे रिमोट दोन्हीकडे फिरून आला. 2009 मध्ये नांदेडचं बटण दाबलंही गेलं, तर लातूर रस्त्यावर उतरलं आणि पडदा गोठला. तेव्हापासून एकेका बाजूने निवेदनं, मोर्चे, बंद. कथा एक पान पुढे नाही. दोन्ही जिल्ह्यांतले लोक आयुक्तालयातल्या कामासाठी अजून छत्रपती संभाजीनगरची बस पकडतात, आणि त्या पाच-सहा तासांच्या प्रवासात बैठकीतल्या कुणाही पोराचा पहिल्या फाट्यातला बराच भाग वाचून झाला असता.