समोरचाच बुद्ध

एकाच मूर्तीचे किती फोटो काढायचे? जपानात कामाकुराला जाऊन आलेल्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या महाबुद्धाचे दहा-बारा फोटो निघाले, की घरचे हमखास हे विचारतात. दहा-बारा कुठले? एकच फोटो आहे तो. दहा-बारा वेळा काढलेला.

समोरून. मधोमध. पुढे आपण, मागे बुद्ध.

ही जागा तरी आपली कुठे? १८६३ मध्ये छायाचित्रकार फेलिचे बियातो तिथे कॅमेरा घेऊन पोचला होता. पुढे योकोहामाच्या स्टुडिओंनी हाताने रंगवलेले तेच दृश्य परदेशी पाहुण्यांना विकलं. पाहुणेही मूर्तीच्या मांडीवर, हातांवर चढून बसायचे आणि फोटो काढून घ्यायचे. आता कुणी चढू देत नाही. बाकी सगळं तेच चाललंय.

मूर्ती ब्राँझची, ११.३ मीटर उंच, वजन सुमारे १२१ टन. काम सुरू झालं १२५२ मध्ये. एवढा ऐवज एका दमात ओतता येत नाही. खालून वर, थरावर थर चढवत ओतलाय. त्या थरांचे सांधे अंगावर आडव्या रेघांसारखे आजही दिसतात. उजव्या गालावर सोन्याच्या मुलाम्याची खूण उरली आहे. किती जणांच्या फोटोत ती सापडेल? गाल असतो, पण फोटो काढणाऱ्याचा.

घडवणारे हुशार होते. धडाच्या मानाने डोकं मोठं ठेवलं, मान आणि खांदे पुढे झुकवले. पायाशी येऊन वर बघणाऱ्याला सगळं प्रमाणात दिसावं, हा हिशेब. आणि आपण? अख्खी मूर्ती मावावी म्हणून मागे मागे सरकत जातो. मग घरी येऊन म्हणतो, जरा पोक काढून बसल्यासारखी वाटते, नाही?

जवळ जा ना मग!

आणि पाठीमागेही जा. पाठीला दोन खिडक्या आहेत, झडपा उघड्या टाकलेल्या. मूर्ती पोकळ आहे; थोडे येन दिले की आत जाता येतं. आतल्या भिंतीवर सांध्यांची जाळीच्या जाळी दिसते. मानेला आतून फायबर-प्लास्टिकचा आधार आहे, १९६०-६१ च्या दुरुस्तीतला. बाहेर मागच्या बाजूला ब्राँझच्या चार कमळपाकळ्या ठेवल्या आहेत. आसनासाठी ओतलेल्या. आवारात भिंतीवर पेंढ्याच्या अजस्र वहाणा टांगल्या आहेत. महायुद्धाने पोळलेल्या देशात बुद्धाने या घालून गावोगाव फिरावं, म्हणून १९५१ मध्ये इबाराकी प्रांतातल्या मुलांनी पहिल्यांदा विणून दिल्या. मूर्तीच्या उंचीचा आकडा सगळ्यांना पाठ. या मुलांबद्दल कुणी विचारतं?

आणि ‘तीच ती मूर्ती’ असं म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. तिच्यावर मंडप होता. वादळांनी पाडला, पुन्हा उभारला, पुन्हा गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बुद्ध उघड्यावर बसलाय. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं थेट अंगावर. सकाळची मूर्ती संध्याकाळी उरत नाही. शंभरदा काढा, अजिबात लाजू नका. फक्त पाय हलवा.

पाय हलवल्याने काय होतं, ते अफगाणिस्तानातल्या बामियानला विचारा.

मार्च २००१ मध्ये तालिबानने तिथले दोन्ही बुद्ध स्फोटकांनी उडवले. मोठा ५५ मीटरचा. पुढे झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात आर्मिन ग्रूएन आणि सहकाऱ्यांनी फोटोंवरून तो संगणकावर पुन्हा उभा करायला घेतला. इंटरनेटवरचे पर्यटकांचे फोटो जोडले, तर ढोबळ आकार मिळाला. वस्त्राच्या चुण्या कुठून आणायच्या? त्या मिळाल्या रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० मध्ये खास मोजमापासाठी काढलेल्या फोटोंतून. तीनच फोटो, पण वेगवेगळ्या जागांवरून. त्यातही बारीक चुण्या संगणकाला पकडता येईनात. माणसांनी बसून, एकेक बिंदू हाताने मोजून त्या उतरवल्या. हा फोटो काढणारा माणूस त्या दिवशी सेल्फी घेऊन परतला असता तर?

आपल्याला एवढ्या लांब जायचीही गरज नाही. अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं घ्या. महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती, सुमारे ७ मीटर लांब. समोर खांब, मागे हटायला जागा बेताची. लोक एका टोकाला उभे राहून तिरका फोटो काढतात आणि बाहेर सुटतात. त्या मूर्तीच्या खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग कोरलेली आहे. पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर खाली बसा आणि एकेकाचा वेगळा फोटो काढा. गाईड घाई करील. करू दे.