कोड बरोबर आहे!

वेब डिझाइनच्या क्लासला जेमतेम पंधरवडा झाला की नवशिक्याला सोसायटीच्या गणेशोत्सवाचं पान करायचं काम मिळतं. मिळतं म्हणजे, तो ते मागून घेतो. एचटीएमएल उभं राहतं, काकामंडळी वाहवा करतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता जरा रंगबिंग टाक ना." इथून सीएसएस सुरू होतं आणि त्याचं जेवणखाण बंद होतं.

मथळा मरून हवा आणि अक्षर चाळीस पिक्सेलचं. दोन्ही ओळी तो लिहितो, मधला सेमिकोलन तेवढा राहतो. मथळा काळाच राहतो, अक्षरही तसूभर वाढत नाही. एका चिन्हापायी दोन्ही ओळी गेलेल्या असतात, कारण ब्राउझर पुढच्या सेमिकोलनपर्यंतचा सगळा मजकूर रंगाचंच नाव समजून वाचतो. एवढ्या लांब नावाचा रंग त्याच्या यादीत नसतो. मग तो सगळंच सोडून देतो, आणि वर चकार शब्द काढत नाही. न समजलेलं मुकाट्यानं वगळायचं, हा नियम १९९६ साली सीएसएसचं पहिलं मानक आलं तेव्हापासूनचा. उद्या नवे गुणधर्म आले तरी जुना ब्राउझर अडू नये, हा त्यामागचा विचार. विचार उत्तमच; पण आपल्या पठ्ठ्याला कुणी तोंडावर चूक सांगितल्याशिवाय ती चूक वाटतच नाही.

"कोड बरोबर आहे," तो जाहीर करतो, "ब्राउझरच गंडलाय." मग ब्राउझर बदलतो. मग कॅशेवर खापर फुटतं, मग नेटवर, आणि शेवटी लॅपटॉपवर. एफ १२ दाबून बघ, असं कुणी सुचवलं तर तेही बघतो. तिथे ती ओळ खोडलेली असते, शेजारी पिवळा त्रिकोण असतो. त्रिकोण बघून तो चार्जर लावतो.

त्यात शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचे संस्कार आडवे येतात. 'कलर'मध्ये यू घालायचा म्हणजे घालायचा! राखाडी रंगाचं स्पेलिंग सीएसएस ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही चालवून घेतं, पण 'कलर'च्या बाबतीत त्याला बाईंचं ऐकायचं नसतं. वीस आणि पीएक्स यांच्यामध्येही तो नीट जागा सोडतो. दोन शब्दांत अंतर हवं ना! ती ओळही जाते.

अशा अवस्थेत त्याला उद्गारचिन्हासकट 'इम्पॉर्टंट' सापडतं. एका ओळीला लावलं, रंग उमटला! पुढच्या आठवड्यात प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंट लागलेलं असतं. कार्यक्रमपत्रिकेतली सतराही नावं 'प्रमुख पाहुणे' म्हणून छापली की मानाच्या खुर्चीचं भांडण जिथल्या तिथे राहतं, तसं इथेही होतं. सगळेच इम्पॉर्टंट झाल्यावर ब्राउझर पुन्हा जुन्याच नियमांनी निवाडा करतो.

टिप्पणीचा किस्सा मला विशेष आवडतो. जावास्क्रिप्टमध्ये पाहिलेल्या दोन तिरक्या रेघा तो इथेही मारतो. सीएसएसमध्ये त्या चालत नाहीत, पण गंमत म्हणजे चालल्यासारख्या दिसतात: रेघांमुळे ओळ बिघडते, बिघडलेली ओळ वगळली जाते, आणि हा समजतो आपण ती झाकली. एक दिवस रेघांपुढे तो लिहितो, 'हा रंग खजिनदारकाकांना आवडला नाही'. मराठी वाक्याच्या शेवटी सेमिकोलन कोण देतो? ते वाक्य खालच्या ओळीलाही घेऊन बुडतं. पार्श्वभूमी गायब, आणि संशय खजिनदारांवर.

अखेर क्लासमधली मॅडम त्याला पहिला, हरवलेला सेमिकोलन दाखवते. त्याला साक्षात्कार होतो. त्या रात्री बसून तो सगळी फाइल सेमिकोलनांनी मढवतो. ओळीनंतर, महिरपी कंस संपल्यावर, दिसेल तिथे. कंसाबाहेरचा सेमिकोलन पुढच्या नियमाच्या नावाला चिकटतो आणि तो अख्खा नियम बाद होतो. आरतीच्या वेळापत्रकाची चौकट त्यातच जाते.

"मॅडम," सकाळी फोन लागतो, "आता तर सेमिकोलनसुद्धा दिलेत हो!"