मुदतबाह्य

इंग्लंडात माणसाला घाबरवायचं असेल तर कुणी त्याच्या दारात उभं राहून आरडाओरडा करत नाही. त्याला पत्र पाठवतात. पत्रात आवाज जराही चढलेला नसतो, तरी वाचता वाचता हातातला चहा गार होतो. खासगी पार्किंग कंपन्यांनी तर या कलेचा धंदाच मांडलाय. सुपरमार्केटच्या आवारात दोन तास गाडी फुकट लावायची मुभा. वेळ उलटली की खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि यथावकाश घरी पाकीट येतं. आत गाडीचे येतानाचे आणि जातानाचे फोटो, दोन्ही वेळा, आणि शंभर पौंडांची मागणी. चौदा दिवसांत भरलेत तर साठच.

दिसायला हे थेट सरकारी चलन. प्रत्यक्षात हा दंडच नव्हे, कराराचं प्रकरण. आवारात पाटी असते. गाडी लावलीत म्हणजे पाटीवरच्या अटी तुम्हाला मान्य आहेत, असं कायदा धरून चालतो. करार करणारा एक पक्ष खांबाला टांगलेला आणि दुसरा कोथिंबीर शोधायला आत गेलेला, असा हा करार.

आमच्याकडे हे पाकीट पडलं तेव्हा सासू-सासरे साताऱ्याहून आलेले होते. सासूबाईंना इथल्या प्रत्येक किमतीला शंभराने गुणायची सवय. गुणाकार झाला की वस्तू परत फळीवर. "फ्लॉवर दोनशे रुपये? ठेव तो खाली!" असं अर्धंअधिक दुकान त्यांनी त्या दिवशी ट्रॉलीत घालून पुन्हा जागच्या जागी लावलं. त्याला दोन तास कसे पुरणार?

माझा स्वभाव साठ भरून मोकळं होण्याचा. बायको म्हणाली, एक पेनी द्यायची नाही. मंडळाच्या गणपतीत विषय काढला तर आरतीपेक्षा मोठा घोळका जमला. एकाने सांगितलं, पत्र सरळ कचऱ्यात टाक. दुसरा म्हणाला, मीही तेच केलं होतं, मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, वर सत्तर पौंड चढले. "घरी येऊन टीव्ही उचलतात," तिसऱ्याने माहिती पुरवली. तसं काही नसतं. कोर्टाचा हुकूम झाल्याशिवाय त्यांना घरातली कुंडीसुद्धा उचलता येत नाही. पण ते मला नंतर कळलं. त्या रात्री मी टीव्हीकडे जरा प्रेमानेच पाहत होतो.

नाना, म्हणजे माझे सासरे, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा बदलला, पत्र मागून-पुढून वाचलं, आणि पहिल्यांदा कोपऱ्यात पेन्सिलीने आवक क्रमांक टाकला.

"घाबरू नका, जावईबापू. असली पत्रं मी जन्मभर लिहिली आहेत. प्रकरणात दम असता तर एवढं जाड अक्षर वापरलं नसतं. पण यांना आपला पत्ता कुठून मिळाला?"

"सरकारच देतं. वाहन नोंदणीचं खातं आहे, ते कंपनीकडून दर गाडीमागे अडीच पौंड घेतं."

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे पंधरा रुपयांत सात-बारा मिळतो. पण त्यात जमीन तरी असते."

मी माझा मुद्दा मांडला : अर्ध्या तासाच्या उशिराला शंभर पौंड म्हणजे लूट आहे, असं खडसावून लिहू. ते दार मात्र आधीच बंद झालेलं निघालं. २०१३ साली फिश अँड चिप्सचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाची गाडी चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात दोन तासांच्या वर ५६ मिनिटं उभी राहिली. मागणी ८५ पौंडांची. ते भांडत भांडत थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 'पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस' हा तो खटला. सात न्यायमूर्ती बसले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सहा विरुद्ध एक असा निकाल लागला : गाड्या फिरत्या ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे, रक्कम अवाजवी नाही, भरा.

"पंच्याऐंशी पौंडांसाठी सात न्यायमूर्ती!" नानांचे डोळे चमकले. "माणूस जिद्दीचा."

"पण हरला ना, नाना."

"हरू दे हो. पोचला ना तिथवर!"

मग त्यांनी कायदाच मागितला. २०१२ चा 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट', परिशिष्ट चार. मी छापून दिला. नातवाच्या हातात बाहुबलीचं पुस्तक पडावं तसे ते त्यात शिरले. पूर्वी या कंपन्या चाकाला लोखंडी जबडा लावून पैसे उकळत. या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेवरचा तो प्रकार बंद केला आणि बदल्यात कंपन्यांना एक हत्यार दिलं : गाडी कुणी चालवली हे कळलं नाही, तर नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्याकडून वसूल करा. मात्र अटी पाळून. त्यातली एक अशी, की काचेवर नोटीस लावली नसेल आणि नुसता कॅमेऱ्यावर कारभार असेल, तर पत्र चौदा दिवसांच्या आत घरी पोचलं पाहिजे.

नाना उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांनीच साताऱ्याहून आणलेलं कालनिर्णय टांगलेलं होतं.

"दुकानात गेलो तो वार कुठला?"

"संकष्टी होती," सासूबाई म्हणाल्या. "माझा उपास होता. साबुदाणा चारशे रुपये म्हणाले, मी ठेवला परत."

नानांनी बोट संकष्टीवर ठेवलं आणि एकेक चौकोन पुढे सरकवत नेलं. अमावास्या ओलांडली, विनायकी आली, आणि तिच्या पुढच्या चौकोनावर बोट थांबलं. पत्रावरची तारीख ती होती. पोस्टात पडल्याची. पोचणं तर आणखी पुढे.

"मुदतबाह्य," नाना म्हणाले. निवृत्तीनंतर इतक्या गोड आवाजात ते काही बोलल्याचं आठवत नाही.

याचा अर्थ असा, की कंपनीला आता माझ्याकडे मागता येणार नव्हतं. मागायचं तर गाडी चालवणाऱ्याकडे. आणि तो कोण, हे तिला माहीत नव्हतं. पोलिसांनी विचारलं तर सांगावं लागतं, पण खासगी कंपनीला सांगायची सक्ती नाही. म्हणून तर पत्रात शेवटी मानभावी विनंती होती : गाडी आपण चालवत नसाल तर कृपया चालकाचं नाव कळवावं. लग्नाच्या पंगतीत नव्या नवरीला करतात तसा तो आग्रह होता. नाव घ्या, नाव घ्या!

"आपण नाव घ्यायचं नाही," नानांनी फर्मान काढलं. "सगळीकडे 'वाहन चालवणारी व्यक्ती'. 'मी' नाही, 'माझी पत्नी' नाही."

"एवढं सगळं पत्र नाव न घेता कसं लिहिणार?" मी विचारलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "त्यात काय अवघड आहे? लग्न झाल्यापासून मी यांचं घेतलंय का? रेशनच्या रांगेत नाव सांगायला लेकीला पुढे करायची मी." चालक कोण होतं, हे मी या लेखातही सांगणार नाही. सासूबाईंसमोर नाक राहिलं पाहिजे.

नानांनी कागदाला डावीकडे घडी घालून समास पाडला आणि मसुदा सुरू केला. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून'. मी इंग्रजी करत गेलो. 'सदरहू नोटीस विहित मुदतीत बजावण्यात आलेली नसल्याने' याचं इंग्रजी इतकं रुबाबदार झालं, की क्षणभर मलाच माझी भीती वाटली.

कंपनीने अपील फेटाळलं. नाना खूश. "फेटाळणारच. आम्हीही पहिला अर्ज कधी मंजूर केला नाही." पुढची पायरी पॉपला, म्हणजे खासगी जागेवरच्या पार्किंगची अपिलं ऐकणारी यंत्रणा.

"शुल्क किती?"

"काही नाही."

"आणि निकाल?"

"कंपनीच्या विरुद्ध गेला तर तिला पाळावाच लागतो. आपल्या विरुद्ध गेला तर आपण पुढे भांडायला मोकळे."

नानांनी चष्मा काढून पुसला. "अशी कचेरी मी जन्मात पाहिली नाही." या कंपन्यांना वेसण घालायला २०१९ साली संसदेने कायदा केला, २०२२ मध्ये सरकारने नियमावली काढली आणि काही महिन्यांतच मागे घेतली, हेही मी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

पॉपलाकडे कागद गेले आणि कंपनीने माघार घेतली. दोन ओळींचं पत्र : आमचं म्हणणं योग्यच आहे, तथापि केवळ सद्भावनेपोटी ही मागणी रद्द करत आहोत. मी पेढ्यांच्या तयारीला लागलो. नाना मात्र लालबुंद.

"सद्भावना? आपण मेहेरबानी मागितली होती का? नोटीस मुदतबाह्य आहे म्हणून रद्द, असं लिहा म्हणावं. कारणासह!" त्यांनी नवा कागद घेतला, समास पाडला. "आणि ते अडीच पौंड कुठल्या खात्यावर खर्ची टाकले, त्याचाही खुलासा मागवू."

"नाना, सोडा आता. उगाच डिवचलं तर पुन्हा उकरून काढतील प्रकरण."

"काढू देत," जावक क्रमांक टाकत नाना म्हणाले. "आता तर ते आणखीच मुदतबाह्य झालंय."