दोन तृतीयांशांचा मुहूर्त

पक्षांतरबंदी कायद्यानं गोव्याच्या आमदारांना एकच शिस्त लावली: एकट्यादुकट्यानं पळायचं नाही, दोन तृतीयांश जमवून निघायचं. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० जण भाजपवासी झाले, हिशेब काटेकोर. प्रादेशिक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षही (मगो) गणितात कच्चा नाही. त्याच वर्षी त्याच्या तिघांतले दोघे मध्यरात्री निघाले.

२०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. निवडून आलेल्या ११ पैकी ८ सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. त्यांच्यातल्या दिगंबर कामतांच्या सांगण्यानुसार त्यांनी आधी देवाला विचारलं होतं. देवाची हरकत नव्हती. मतदाराला विचारायचं राहून गेलं. पण तो कुठं जातोय? त्याला बाजू बदलायला पाच वर्षं थांबावं लागतं.